वकीलसाहेबांची उलटतपासणी

हैदराबादेत नल्लकुंट्यातली ती वरच्या मजल्यावरची जागा दाखवताना घरमालकांनी आम्हाला पाहुणे, पाणी, मांसमच्छी यांपैकी कशाबद्दलही विचारलं नाही. त्यांची अट एकच होती. पहाटे गच्चीवर जे बोललं जाईल ते ऐकलं तरी चालेल, पण त्याबद्दल तक्रार करायची नाही. आम्ही दोघं पुण्याहून नुकतेच आलो होतो, एकाच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागलो होतो, आणि घरं बघून बघून पायांचे तुकडे पडले होते. मला वाटलं, कबुतरं पाळत असतील. आम्ही हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला गच्चीवरून एक करडा आवाज आला.

"कल शाम को आपने दूधवाले से क्या कहा?"

"काही नाही." हा दुसरा आवाज. मऊ, आणि मराठी.

"कुछ नहीं कहा, तो वो दूध दिये बगैर क्यों चला गया?"

मऊ आवाज आधी खाकरला.

"गाढव म्हणालो."

"ऊंची आवाज में?"

"हौ."

नवरा अंथरुणात उठून बसला. "वर कोणाला तरी धरून आणलंय," असं म्हणून तो पुन्हा आडवा झाला. पुण्यात आम्हाला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही असं लहानपणापासून शिकवतात. कानांबद्दल कोणी काही सांगत नाही. मी जिना चढून वर गेले. गच्चीवर एकच माणूस होता. चटईवर पद्मासन घालून, डोळे मिटून, ताठ बसलेले आमचे घरमालक. करडा आवाज त्यांचा होता आणि मऊ आवाजही त्यांचाच होता. माझी चाहूल लागल्यावर ते डोळे न उघडता म्हणाले, "पब्लिकनं मागे बसायचं."

मी मागे बसले. पुढे त्या घरात राहिलो तोवर बहुतेक रोज सकाळी तशीच मागे बसत आले.

त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. दूधवालासुद्धा, गाढव झाल्यानंतरही. घराणं पिढ्यान् पिढ्या हैदराबादचं, सरकारी नोकऱ्या आणि वकिली करणारं. त्यांची शाळा उर्दूतून झाली, हयात दिवाणी कोर्टात गेली, आणि मराठी घरात बोलण्यापुरती उरली. मराठी वर्तमानपत्र ते ओळीखाली बोट धरून वाचत. माझं मराठी मात्र त्यांना संशयास्पद वाटायचं. मी काही सांगायला लागले की मान तिरकी करून ऐकत आणि विचारत, "तुम्ही बोलायलाव का छापायलाव?" अंगानं उंच आणि काटक होते, चेहऱ्यावर हसू असं कधी दिसायचं नाही. विनोद केला तरी त्याची जबाबदारी ते समोरच्यावर टाकत.

योग त्यांना कोणा गुरूनं दिलेला नव्हता. मधल्या वयात एकदा त्यांची झोप गेली, ती येईचना. काचीगुड्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देण्याऐवजी आसनं आणि प्राणायाम सांगितला, आणि वर म्हणाले, मन शांत ठेवा, स्वतःला ओळखा, झोप आपोआप येईल. आसनं जमली. प्राणायाम जमला. बाकीचं कसं करायचं हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

"माणसाला ओळखायचं म्हणजे काय करायचं, सांगा," ते मला म्हणाले होते. "कठड्यात उभं करायचं आणि जिरह करायची. दुसरा रस्ता मला तर माहीत नाही."

जिरह म्हणजे उलटतपासणी. ती त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची केली होती. निवृत्तीनंतर फक्त साक्षीदार बदलला. रोज प्राणायाम झाला की कोर्ट भरायचं. वकील उर्दूत विचारायचा, साक्षीदार मराठीत उत्तर द्यायचा, आणि जज्ज साहेब इंग्रजीत बोलायचे. जज्जांना एकच शब्द येत असावा. "ॲडजर्न्ड." तो शब्द उच्चारला गेला की त्या दिवसाचं कामकाज संपलं, बाकीचं उद्या.

पुण्यात मी एका योगवर्गाला जात असे. तिथल्या बाई सांगत, मनात विचार येतील, त्यांच्याकडे नुसतं पाहा, ते निघून जातील. मी हे वकीलसाहेबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"निघून जातील? पत्ता न देता?"

"म्हणजे... हो."

"आणि उद्या परत आले म्हणजे?"

पुण्याच्या बाईंनी यावर काही सांगितलेलं मला आठवेना. वकीलसाहेबांचं म्हणणं असं की मन हे दिवाणी कोर्ट आहे. फौजदारी असतं तर सोपं होतं. सुटला तर सुटला, लटकला तर लटकला. दिवाणीत बापाची केस मुलगा चालवतो. मन शांत नाही म्हणजे आत काहीतरी पडून आहे, आणि पडून असलेली केस डोळे मिटल्यानं निकाली निघत नाही. डोळे मिटायचे ते फक्त गवाहाचं लक्ष इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. प्राणायाम आधी का, तर धापा टाकणारा गवाह खोटं बोलतो. हे सगळं ते इतक्या साध्या स्वरात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, जुन्या ग्रंथांतही असंच लिहिलेलं असणार.

पुढे पुढे कोर्ट भरण्याआधी आसनांचा वर्गही व्हायला लागला. वर्गात मी, माझा नवरा आणि पलीकडच्या गल्लीतल्या एक निवृत्त तेलुगू मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे टीचरम्मा म्हणत. टीचरम्मांना मराठी येत नव्हतं आणि वकीलसाहेबांचं उर्दू त्यांना निम्मंच कळायचं, पण गुडघे सुधारले होते म्हणून त्या चुकवत नसत. शवासनात आम्ही आडवे झालो की वकीलसाहेब उभे राहून कोर्टाच्या शिपायासारखा पुकारा करत. "दायां घुटना हाजिर है?" आपापल्या उजव्या गुडघ्यात मन नेऊन, तो सैल सोडून, मग म्हणायचं, "हाजिर." टीचरम्मा म्हणत, "हाजर, सर." अशी टाचेपासून टाळूपर्यंत हजेरी व्हायची. माझा नवरा कमरेपर्यंत हजर असे. पोटाच्या पुकाऱ्याला त्याचा घोरण्याचा आवाज येई. वकीलसाहेब रीतसर थांबत, पुन्हा पुकारत, आणि मग गैरहजेरीत एकतर्फी निकाल देत. निकाल बहुधा खालच्या कुंड्यांना पाणी घालण्याचा असायचा. नवऱ्यानं तो कधी अमान्य केला नाही.

मीही एकदा घरी दार लावून स्वतःची उलटतपासणी घेऊन पाहिली. माझा साक्षीदार इतका सफाईनं खोटं बोलत होता की मलाच त्याचं कौतुक वाटायला लागलं. मी ते वकीलसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "शिकलेला गवाह आहे, वेळ लागंल."

तेव्हा शहरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. आबिड्सला काचेच्या दारांची दुकानं आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटर शिकवणारे क्लास, प्रत्येक गल्लीत एखादं जुनं घर पाडून तिथे अपार्टमेंटची पाटी. आमच्या कंपनीत दिवसरात्र काम चालायचं आणि सगळ्यांची डोकी तापलेली असायची. मग मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी ताणमुक्तीचा कार्यक्रम ठरवला आणि कोणी योगशिक्षक माहीत आहे का म्हणून विचारलं. मी आमच्या वकीलसाहेबांचं नाव सुचवलं. मला खरंच वाटलं होतं की चांगलं होईल.

वकीलसाहेब काळा कोट आणि गळ्यात वकिलांचे पांढरे बँड घालून रिक्षानं आले. योगासाठी कोट कशाला, असं मॅडमनी विचारल्यावर म्हणाले, "बाहेरच्या कोर्टातली पेशी आहे ना." वातानुकूलित खोलीत त्यांनी सगळ्यांना खुर्च्यांवर ताठ बसवलं, सावकाश श्वास घ्यायला लावले, इथवर सगळं शोभून दिसलं. मग त्यांनी आमच्या मॅनेजरला समोर बोलावलं. हा तेव्हाचा कंपनीतला सगळ्यात चढता तारा होता.

"आप शांत हैं?"

"येस सर. ॲब्सोल्यूटली."

"आपको कैसे मालूम?"

मॅनेजर हसला. वकीलसाहेब हसले नाहीत. ते थांबून राहिले. कोर्टात असं थांबायला त्यांना जन्मभर सराव होता.

"आय मीन, आय फील काम, सर."

"बच्चे कितने?"

"वन सन."

"कौन सी क्लास में है?"

"थर्ड."

मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "सर, फोर्थ. पास झाला म्हणून पेढे दिले होते आपण."

मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागे कोणी नव्हतं. वकीलसाहेबांनी त्याला काही सुनावलं नाही. खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं, "ॲडजर्न्ड" म्हणाले, आणि मॅडमकडे वळून चहा मिळेल का असं विचारलं. पुढच्या खेपेला मॅडमनी दुसऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. ते समुद्राच्या लाटांच्या आवाजाची कॅसेट घेऊन आले होते. वकीलसाहेबांना हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हैदराबादेत समुंदर कुठून आणला?"

आता त्या भिंतीबद्दल सांगायला हवं. आमच्या गच्चीला लागून शेजारच्या घराची गच्ची होती आणि मध्ये छातीइतक्या उंचीची भिंत. शेजारचं घर म्हणजे खरं तर याच घराचा दुसरा अर्धा भाग. तिथे वकीलसाहेबांचे धाकटे भाऊ राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, गुडघ्यांनी बेजार. रोज सकाळी ते आपल्या गच्चीवर खुर्ची टाकून ऊन खात बसत. दोघा भावांत बोलणं नव्हतं. आजकालचं नव्हे, आई गेली त्या दिवसापासूनचं. जावा मात्र दिवसभर बोलत. अंबाडीची भाजी, लोणची, थालीपिठं भिंतीवरून इकडून तिकडे जात, आणि वकीलसाहेब ती कुणी केलीत हे न विचारता जेवत. गवाहाला रोज खोदून विचारणारा माणूस जेवणाच्या ताटावर एक प्रश्न विचारत नसे.

वकीलसाहेब शीर्षासन त्या भिंतीला टेकून करत. उंच माणूस, त्यामुळे उलटे झाले की पावलं भिंतीच्या वर निघायची. पलीकडे बसलेल्या धाकट्यांना रोज सकाळी थोरल्या भावाचे तेवढे पाय दिसत. पहिल्या वर्षीच्या दसऱ्याला मी वर गेले तेव्हा वकीलसाहेब उलटे होते, आणि पलीकडून धाकटे हातात आपट्याची पानं घेऊन भिंतीशी आले. त्यांनी पानं भिंतीवर ठेवली, त्या उलट्या पावलांना दोन्ही हातांनी शिवून नमस्कार केला, आणि खुर्चीवर जाऊन बसले. वकीलसाहेब त्या दिवशी रोजच्यापेक्षा पुष्कळ वेळ डोक्यावर उभे राहिले. चेहरा लालबुंद झाला तरी उतरेनात. शेवटी उतरले, भिंतीवरचं सोनं पाहिलं, उचलून खिशात घातलं आणि मला म्हणाले, "वारं सुटलंय."

वारा अजिबात नव्हता. मी खाली येऊन काकूंना, म्हणजे वकीलसाहेबांच्या बायकोला, हे सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"दर वर्षी करतात की. भाऊजी म्हणतात, भांडण तोंडाशी आहे, पायांशी कुठं आहे?"

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. सासूबाई दवाखान्यात होत्या. त्या सकाळी म्हणाल्या, थोरल्याला बोलवा. भाऊजी स्कूटरवरून कोर्टात गेले. आत वकीलसाहेबांची बहस चालू होती, मोठी केस होती. बहस संपवून ते बाहेर आले, दोघं स्कूटरवरून दवाखान्यात पोचले, तोवर सासूबाई गेल्या होत्या. भाऊजी तिथेच, सगळ्या नातेवाइकांसमोर बोलले, दादांनी मला दारात बघितलं होतं, हातानं थांब म्हणाले. वकीलसाहेब म्हणाले, मी बघितलंच नाही. भाऊजी म्हणाले, बघितलं. हे म्हणाले, नाही.

"एवढंच," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून ह्यांची झोप गेली. एवढी केस मिटवा म्हणते मी, तर म्हणतात चालू आहे."

चालू होती हे खरं. आता मला ती ऐकू यायला लागली. दूधवाला, रिक्षावाला, गॅसची टाकी, काकूंवर विनाकारण चढवलेला आवाज, असल्या किरकोळ गोष्टी वकीलसाहेबांचा गवाह पटापट कबूल करायचा. पण महिन्यातून एखाद्या सकाळी करडा आवाज दुसरीकडे वळायचा.

"जिस दिन वालिदा गुजर गयीं, आप कहां थे?"

"कोर्टात."

"क्या कर रहे थे?"

"बहस."

"दरवाजे पर कौन खडा था?"

आणि लगेच, "ॲडजर्न्ड."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज व्हायचा आणि जड पावलं जिना उतरून जायची. म्हणजे धाकटे ऐकत असत. मी एकदा वकीलसाहेबांना घाबरत घाबरत विचारलं की पलीकडे ऐकू जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? ते म्हणाले, "खुली अदालत आहे. कोणीपण बसू शकतं." मग म्हणाले, "त्याला कोणी ऊठ म्हणालंय का?"

मला त्या माणसाचा राग यायचा. दुसऱ्या कोणाला तो एका प्रश्नात उघडा पाडत होता, स्वतःलाही बाकी सगळ्या बाबतींत सोडत नव्हता, आणि इथे येऊन मात्र दर वेळी पुढची तारीख. आणि मला त्यांची दयाही यायची, कारण त्या प्रश्नानंतर ते शवासनात पडत तेव्हा त्यांचा एकही अवयव हजर नसायचा.

आमचं तिथलं दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा धाकट्यांनी त्यांचा अर्धा भाग बिल्डरला विकला. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये होता, तो कधीपासून 'या' म्हणत होता. संक्रांत झाली की दोघं नवरा-बायको कायमचे तिकडे जाणार होते. काकूंनी हे मला जिन्यात सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. जाऊबाई जाणार म्हणून नव्हे, ते त्यांनी आधी रडून घेतलं होतं. "हे दोघं बोलल्याशिवाय भाऊजी तिकडे गेले ना, तर ह्यांच्या छातीवर तो दगड जन्मभर राहील बघा. तुम्ही वर बसता रोज. तुम्ही विचारा की काहीतरी."

मी विचारलं. प्राणायाम झाल्यावर, कोर्ट भरायच्या आत, हळूच म्हटलं, "वकीलसाहेब, ती दरवाजाची केस या आठवड्यात घ्यायला हवी. साक्षीदार परदेशी चाललाय."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "पब्लिकला सवाल करायचा हक नाही," ते म्हणाले. "पुणेवाल्या पब्लिकला तर मुळीच नाही."

त्या आठवड्यात कोर्टात दुसऱ्याच केसेस चालल्या. एका सकाळी तर कांद्याच्या भज्यांवरून बराच वेळ गेला. पलीकडच्या गच्चीवरून रोज काहीतरी खाली उतरत होतं, पाण्याची पिंपं, तुळशीचं वृंदावन, जुना पलंग. धाकटे तरी सकाळी येऊन बसत. भजी संपेपर्यंत बसत आणि उठून जात.

ज्या दिवशी दुपारी ते निघायचे होते, त्या सकाळी मी जरा लवकरच वर गेले. धाकटे आलेले होते. खुर्ची आदल्या दिवशी कोणाला तरी देऊन टाकली होती, म्हणून ते एका उलट्या बादलीवर बसले होते. अंगावर प्रवासाचा नवा स्वेटर होता. वकीलसाहेबांनी शीर्षासन केलं नाही. वर्गही घेतला नाही. टीचरम्मा आल्या होत्या, त्यांना हातानंच बसा म्हणाले. प्राणायाम पुष्कळ वेळ चालला. मग करडा आवाज आला.

"दरवाजे पर कौन खडा था?"

आज सरळ तिथूनच सुरुवात. मी ॲडजर्न्डची वाट पाहत होते. आला नाही. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होऊन निघूनही गेली. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मराठीत, आणि मऊ आवाजात.

"दारात कोण होतं?"

"धाकटा."

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"हातानं थांब म्हणालो."

"का?"

इतक्या वर्षांच्या जिरहीत हा प्रश्न कधी विचारलाच गेला नसावा. गवाहाची तयारी नव्हती.

"मला वाटलं, आई थांबंल," वकीलसाहेब म्हणाले. "कोर्टातून कितीबी उशिरा आलो तरी ती जेवायची थांबायची. मला वाटलं, थांबंल."

टीचरम्मांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी तोंडावर पदर घेतला. मी भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होते. बादली सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं, गेले. पण धाकटे भिंतीला धरून उभे राहिले होते. त्यांचा गोल चेहरा भिंतीच्या वर आला.

"दादा," ते म्हणाले. "मी हाक मारायला पायजे होती."

वकीलसाहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"दारातून हाक मारली असती तर तुम्ही आला असता. मी नाही मारली. मी तुम्हाला कधी बहस करताना बघितलंच नव्हतं हो. इतकं छान बोलत होता तुम्ही, सगळं कोर्ट गप्प बसून ऐकत होतं. मीपण ऐकतच उभा राहिलो." त्यांनी स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. "म्हटलं, जाऊन आईला सांगीन, दादा कसा बोलतो ते."

वकीलसाहेब ताठ बसून होते आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी सदऱ्यावर पडत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"गवाह भिंतीमागून बोलत नसतो," ते म्हणाले. "समोर यायचं."

धाकटे खाली उतरले, रस्त्यावरून वळसा घालून आमच्या दारानं आत आले, आणि एकेका पायरीवर थांबत आमचा जिना चढले. त्यांना वर यायला फार वेळ लागला. वकीलसाहेब हलले नाहीत. मी माझी चटई पुढे सरकवली, पण मांडी घालणं धाकट्यांना शक्यच नव्हतं. ते पाय लांब करून, एक हात मागे टेकून, भावासमोर बसले. त्यांच्यामागून जिन्याच्या तोंडाशी काकू आणि त्यांची जाऊ येऊन उभ्या राहिल्या.

"नाव?" वकीलसाहेबांनी विचारलं.

धाकट्यांनी सांगितलं.

"उम्र?"

तीही सांगितली.

कोर्टात यानंतर वडिलांचं नाव विचारतात. एवढं तोवर मलाही माहीत झालं होतं.

"आईचं नाव?" वकीलसाहेब म्हणाले.

धाकट्यांनी आईचं नाव सांगितलं. ते मला ऐकू आलं, टीचरम्मांना ऐकू आलं, जिन्यात उभ्या असलेल्या दोघी सुनांनाही ऐकू आलं.

"कोर्टाला ऐकू आलं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "पुन्हा सांगा."

धाकट्यांनी पुन्हा सांगितलं.